सोन्याचे संगणक आणि वाटीभर एरंडेल

उदंडराजांनी फर्मान काढलं, "दवाखान्यादवाखान्यात संगणक द्या! रोग्याची सगळी नोंद त्यातच राहील. अन् संगणक कसे? सोन्याच्या चौकटीचे! पैसा कमी पडला तर खेड्यांतल्या नर्सबाई कमी करा!"

मुदपाकखान्यातल्या हौसाच्या हातातलं उलथनं जागीच थांबलं. तिच्या बहिणीचे दिवस भरत आलेले, आणि गावात नर्सबाई तेवढी एकच! पदर खोचून ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, संगणक हवेतच. पण सोनं कशाला? एकाचं दुसऱ्याला कळेल अशी जोडणी करा. अन् चालवायला नर्सबाई राहू द्या."

राजांच्या मिशा थरथरल्या. "आम्हाला शिकवतेस? दाखव आमची चूक! पण संगणकाला बोट लावायचं नाही, त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही. दिवस मावळेपर्यंत पटलं नाही, तर नर्सबाई घरी!"

"बरं," हौसा म्हणाली. "आधी फणस तरी खाऊन घ्या."

फणस म्हणजे राजांचा जीव की प्राण. अख्खा रिचवला, अन् पोट नगाऱ्यासारखं तट्ट!

"अगं, मेलो!"

हौसानं लगेच तिन्ही राजवैद्यांना बोलावलं. तिघे आपापला नवाकोरा संगणक घेऊन दाराशी उभे राहिले. तिनं एकेकाला आत सोडलं.

पहिल्यानं नोंद केली, वाटीभर एरंडेल पाजलं अन् गेला. दुसरा आला.

"नाव काय आपलं?"

"अरे, मी राजा आहे!"

"बरं. आडनाव?"

"एरंडेल घेतलंय मी आत्ताच!"

"आमच्या संगणकात तशी नोंद नाही, महाराज. म्हणजे घेतलेलं नाही!"

दुसरी वाटी पोटात गेली. राजे धोतर सावरत परसाकडे धावले. परत येतात, तर तिसरा वैद्य वाटी घेऊन हजर!

"नाव काय आपलं?"

"मुडद्या, त्या दोघांच्या संगणकाला विचार ना!"

"ते एकमेकांशी बोलत नाहीत, महाराज. पण चौकट बघा, अस्सल सोनं!"

"चुलीत घाल चौकट!" राजे गरजले. "आधी सगळे संगणक जोडा! अन् ते चालवायला जरा शहाणं माणूस बसवा!"

हौसानं हात जोडले. "महाराज, मी चकार शब्द काढलेला नाही हं! बोललात ते आपणच."

राजांना तिची युक्ती उमगली. मग हसू फुटलं, अन् हसता हसता पुन्हा परसाकडे धूम! हसण्याचा गडगडाट तिथूनच ऐकू येत राहिला, अन् हुकूमही तिथूनच सुटला, "चौकटी वितळवा! त्या पैशातून गावोगाव जोडणी करा. नर्सबाई कायम! हौसाला सोन्याच्या पाटल्या द्या! अन् अरे, कुणीतरी पाण्याचा तांब्या आणा!"