शंभर कोसांचे घर

एका राज्यात दिगंतसेन नावाचा राजा होता. राज्य लहान, हौस मोठी. लढाई न करता राज्य वाढवावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि राजाच्या मनाने घेतले की मांत्रिक भेटतोच. कालदंष्ट्र मांत्रिकाने काळ्या-पांढऱ्या घरांचा पट अंथरला. वारुणी नावाच्या राजचितारणीने आठ घरे लांब, आठ घरे रुंद असे सारे राज्य त्यावर रेखले आणि काठावर लिहिले : आडवे-उभे एक घर, एक कोस. राजाच्या होकाराने, वारुणीनेही मान तुकवल्यावर, मांत्रिकाने 'एक कोस' पुसून 'शंभर कोस' लिहिले.

त्याच क्षणी बाहेर जमीन ताणली गेली. विहिरी गावाला दुरावल्या, गाई गोठ्याला दुरावल्या. राजाच्या शेजारच्या घरातला राणीचा महाल शंभर कोसांवर गेला. राजा मात्र सीमा मोजवीत बसला.

एके दिवशी भर दुपारी भारद्वाज पक्षी पटाच्या कोपऱ्यातल्या घरात, वारुणीच्या खिडकीत उतरला. पक्ष्यांना पटाचे माप लागत नसे. तो म्हणाला, "बाई, समोरच्या कोपऱ्यातल्या बुरुजावर तुझ्या नवऱ्याला साप चावला. सूर्यास्तापर्यंत श्वास आहे. उतारा तुझ्यापाशी, आणि तो तुझ्याच हातून लागू पडेल."

उताऱ्याची मुळी कनवटीला होती, पण वाट चौदाशे कोसांची.  वारुणी धावत आपल्याच कोपऱ्यातल्या दरबारात आली आणि पटाचा काठ पुन्हा पुन्हा वाचू लागली. पटाचा जुना कायदा असा, की जे लिहिले नाही ते ठरवायला आणि लिहिलेले पुसायला पटाशी बसलेल्यांचे एकमत लागावे. बसत तिघे : राजा, मांत्रिक, चितारीण.

"महाराज, आडव्या-उभ्या चालीचे माप लिहिले. तिरक्या चालीचे राहिले. एक कोस लिहू?"

"राज्य आखडेल काय?"

"सीमा जिथल्या तिथे राहतील."

"मग लिही."

मांत्रिक हसला. "माझीही ना नाही. पण वाटेत तीन हाका येतील. तिरकी रेघ सोडून पाऊल पडले, की दगड होशील."

वारुणीने लिहिले आणि ती पळत सुटली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सात घरे, सात कोस. दुसऱ्या कोसाला डावीकडून सोन्याने भरलेली घागर बोलली, "मला उचल." तिने पाहिलेही नाही. चौथ्या कोसाला मेलेली आई पाणी मागू लागली. वारुणीचे काळीज फाटले, पण पाय थांबले नाहीत. सहाव्या कोसाला ऊन पिवळे पडले होते, आणि उजवीकडून नवऱ्याचा आवाज आला, "वारुणी, मी इकडे आहे. मरतो आहे."

तिचे पाऊल उचलले गेले. ते अधांतरीच राहिले. लग्नाला नऊ वर्षे झाली, नवऱ्याने, शार्दूलाने, तिला नावाने एकदाही हाक मारली नव्हती. पाऊल तिने रेघेवरच ठेवले.

सूर्य अर्धा बुडाला असता ती बुरुजावर पोहोचली. मुळी उगाळून तिने त्याच्या ओठांना लावली. शार्दूलाने डोळे उघडले. "अगं, इतक्या लांबून आलीस?"

"सातच कोस," ती म्हणाली, आणि तिथेच बसून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी दोघे दरबारात उभी राहिली. त्यांना शेजारी शेजारी पाहून राजाला राणी आठवली. तोही तिरक्या वाटेने निघाला. तीन दिवस चालला. राणीच्या महालाचा कोपरा तीनदा त्याच्या खांद्याला घासून गेला, पण दार काही आले नाही. तो हिरमुसून परतला.

भारद्वाज म्हणाला, "महाराज, बुद्धिबळातला तिरका चालणारा उंट जन्मात घराचा रंग बदलत नाही. तुम्ही काळ्या घरातले, राणीसाहेब पांढऱ्या घरात."

"पुसा ते शंभर!" राजा ओरडला.

"एकमत लागते," मांत्रिक म्हणाला. "माझे नाही."

वारुणी शांतपणे म्हणाली, "महाराज, मत पटाशी बसलेल्याचे."

राजाला उमगले. त्याने मांत्रिकाकडे पाहिले. "ऊठ."

राजाज्ञा होताच मांत्रिक उठला, आणि उठताच त्याचे मत गेले. वारुणीने शंभर पुसून एक लिहिले. जमीन आक्रसली, विहिरी गावाला आल्या, गाई गोठ्यात हंबरल्या. समोरच राणीचे दार उघडले.

"इतके दिवस होता कुठे?" राणीने विचारले.

राजाने मान खाली घातली. "शेजारीच."

अशी ही शंभर कोसांची कहाणी एका कोसात संपली.