झाकलेल्या चिठ्ठ्या

"पण मग सही नेमकी कशासाठी अडली आहे, बाई?"

विक्रांत भोईटेचा आवाज जरा चढलाच. दुपारपासून तो शब्द बदलून बदलून हेच विचारत होता.

हळबेबाई ॲनिमल हाउसच्या, म्हणजे प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीच्या, दाराशी वाकून आत घालायच्या चपला पायांत सरकवत होत्या. सत्तरी ओलांडली तरी या कामात त्यांना कुणी हात दिलेला खपत नसे.

बाहेरच्या टेबलावर अर्ज पडला होता. विक्रांतचं औषध आता माणसांना देऊन पाहू द्यावं, अशी समितीला केलेली विनंती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, मार्गदर्शक म्हणून बाईंची तेवढी राहिली होती. संध्याकाळपर्यंत कागद पोचला नाही तर पुढची बैठक कधी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि औषध तरी कसलं? मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्यावर जगणाऱ्या पेशी मरू लागतात. त्या मरणाऱ्या पेशींना तगवून धरणारं हे औषध होतं. निदान पांढऱ्या उंदरांत तरी ते तसं वागत होतं.

पक्षाघात घडवलेला उंदीर शेपटीला धरून उचलला की त्याचा एका बाजूचा पुढचा पंजा आखडून छातीशी जातो. विक्रांतचं औषध मिळालेल्या उंदराचे दोन्ही पंजे सरळ खाली जमिनीकडे झेपावत. ज्याने ते पाहिलं तो पाहतच राहिला.

उंदीर उचलून त्याचा पंजा जोखण्यात विक्रांतचा हात धरणारं कुणी नव्हतं. लांबलांबच्या प्रयोगशाळांतून लोक त्याच्याकडे शिकायला येत. ते त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि गडी नाकावर माशी बसू देत नसे. पडतं घ्यायचा तो फक्त बाईंपुढे. आज तेही जड जात होतं.

"मी कधी चिठ्ठी उचलून पाहिली, असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

...

चिठ्ठ्यांची गोष्ट अशी. कोणत्या उंदराला औषध टोचलं आणि कोणत्याला नुसतं मिठाचं पाणी, हे पंजे पाहणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या दुसऱ्याच कुणीतरी झाकायच्या, वर नवे आकडे चिकटवायचे, आणि सगळी मोजणी संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. ही शिस्त बाईंनीच या इमारतीत आणली होती. विक्रांत कोवळा विद्यार्थी म्हणून आला तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, आणि त्यानेही ते व्रतासारखं पाळलं होतं. चिठ्ठीला त्याने कधी बोटसुद्धा लावलं नाही.

त्यामुळेच आजचं हे मौन त्याच्या जिव्हारी लागत होतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिचं नाव दोघांपैकी कुणीही घेत नव्हतं. बाईंचे यजमान, आप्पा.

आप्पांना पक्षाघाताचे दोन झटके येऊन गेले होते. छोटे होते, हातपाय वाचले, पण प्रत्येक झटक्याने थोडे थोडे शब्द नेले. ज्या माणसाने जन्मभर पोस्टात बसून अख्ख्या गावाशी गप्पा मारल्या, तो आता चहाला "ते गरम" म्हणत होता. विक्रांत दारात दिसला की "या, भोईटे सरकार" म्हणून आप्पा त्याची थट्टा करायचे. परवा त्यांनी दार उघडलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

विक्रांत त्या दिवशी पायरीवरूनच परत फिरला होता. रस्त्याने त्याला रडू आवरलं नव्हतं.

तिसरा झटका केव्हाही येईल, असं डॉक्टर सांगून गेले होते. तो येईल तेव्हा हे औषध हाताशी असावं, म्हणून विक्रांत जिवाचं रान करत होता. मोठेपणा हवा होताच, खोटं कशाला बोला. पण आप्पाही हवे होते.

आणि सही अडवून बसल्या होत्या त्या आप्पांच्याच बायको.

"आत चल," बाई म्हणाल्या.

आत उंदरांचा तो ओळखीचा उग्र वास होता. फळीवर पिंजरे ओळीने मांडले होते. कालच या उंदरांना पक्षाघात घडवला होता आणि मदतनिसाने पाठोपाठ सुई दिली होती. एकेका पिंजऱ्यात एकेक उंदीर, बहुतेक कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून झोपलेले.

"आजच्या चिठ्ठ्या मी झाकल्यात," बाई म्हणाल्या. "सकाळी. कुठे काय आहे ते फक्त मला ठाऊक आहे."

"बरं. मग उचलू एकेकाला?"

"उचलू नकोस. औषध कुणाकुणाला मिळालंय, सांग."

विक्रांतला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण त्या त्याच्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

पंजे पाहिल्याशिवाय ते कसं सांगणार, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, अंदाजाने सांग. अंदाजाला काय अर्थ, असं त्याने म्हणून पाहिलं. बाईंनी नुसती हनुवटीने फळीकडे खूण केली.

आता मात्र विक्रांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी परीक्षा, आणि तीही पोरखेळासारखी. ठीक आहे, खेळायचंच तर खेळू, म्हणून तो पिंजऱ्यांवरून बोट फिरवत निघाला.

"औषध. पाणी. पाणी. औषध. औषध. पाणी..."

तो कुठे थांबला नाही, मागे फिरला नाही. फळीच्या टोकाला पोचला आणि झालं समाधान, अशा तोऱ्यात वळला.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"एकदाही चुकला नाहीस," त्या म्हणाल्या.

विक्रांतला आधी बरंच वाटलं. खोटं नाही, शाळेत उत्तर बरोबर आल्यावर वाटतं तसं वाटलं. ओठांवर हसूही आलं होतं.

मग ते तिथेच थिजलं.

...

तो पुन्हा फळीकडे वळला. उंदीर झोपलेले. एकाचाही पंजा दिसत नव्हता. मग आपण पाहिलं काय?

त्याने पहिला पिंजरा ओढून खिडकीशी नेला. मग शेजारचा. दोन्ही खाली ठेवले आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

औषधाचा रंग पिवळा होता. बाटलीत तो रोजच पाहत आला होता. उंदराच्या अंगातून ते लघवीवाटे बाहेर पडत होतं, आणि खालचा लाकडाचा भुसा त्याने रंगत होता. एका पिंजऱ्यात नेहमीचा मळकट ओलावा, दुसऱ्यात हळदीची झाक. एवढीशी, पण होती.

चिठ्ठ्या झाकलेल्याच होत्या. भुसा उघडा होता.

हे आपल्याला आज कळलं, असं विक्रांतला स्वतःशीही म्हणता येईना. डोळ्यांना कधीच कळलं होतं. त्यांनी ते त्याला सांगितलं नव्हतं, की त्यानेच विचारलं नव्हतं?

"पण मी पंजे नीट पाहिलेत, बाई. जे दिसलं तेच मांडलं. एका अक्षराची लबाडी केलेली नाही."

"ठाऊक आहे मला. दिसलं तेच मांडलंस तू."

...

काही पंजे धड सरळ नसायचे, धड आखडलेलेही नसायचे. उंदीर हवेत लोंबकळत असताना एका क्षणात ठरवावं लागायचं. असे पंजे किती आले असतील? आणि भुशाची झाक डोळ्यांत असताना ते आपण कोणत्या बाजूला ढकलले? विक्रांतने आठवून पाहिलं. एकही आठवेना. ठरवताना आपल्याला कधी संशयच आला नव्हता, याची त्याला आता भीती वाटली.

भीती वाटली की माणूस अंगावर येतो. विक्रांतही आला.

"म्हणजे औषध खोटं आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुलाही नाही."

"पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे वर्ष जाईल. जास्तच. आप्पांकडे तेवढा वेळ नाही, बाई."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

एका पिंजऱ्यात उंदीर जागा होऊन पाण्याच्या नळीशी खुडबुडत होता. बाईंनी तिकडे पाहिलं.

"मला सांगतोस?" त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा विक्रांतचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. पेन त्या बाहेरून आत घेऊन आल्या होत्या. त्याचं टोपण काढलेलं होतं. सकाळी चिठ्ठ्या झाकताना हा भुसा त्यांना दिसला होता. त्यानंतरचा अख्खा दिवस त्या ते पेन घेऊन वावरल्या होत्या. सही आपल्यालाच हवी आहे असं तो समजत होता. त्याच्यापेक्षा ती बाईंना जास्त हवी होती. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो उठला. दोन्ही पिंजरे त्याने अलगद फळीवर ठेवले, बाहेर गेला, आणि टेबलावरच्या अर्जाची घडी घालून खिशात टाकली. घड्याळाकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही.

परत आला तेव्हा आवाज खाली आला होता. सगळं पहिल्यापासून करतो, म्हणाला. प्रत्येक पिंजऱ्यातला भुसा मोजणीआधी बदलायचा. पाण्याच्या सुईतही निरुपद्रवी पिवळा रंग घालायचा, म्हणजे दोन्हीकडे झाक सारखीच पडेल. उंदीर त्यांच्या पिंजऱ्यातून काढून, कोऱ्या डब्यात घालून दुसऱ्या खोलीत न्यायचे. आणि पंजे आपण पाहायचे नाहीत. या औषधापुरते तरी आपले डोळे बाद झाले.

बाई ऐकत होत्या. पेनाचं टोपण त्यांनी लावलं. पहिल्यांदा नीट बसलं नाही, मग बसलं.

"एवढं करशील?"

"करीन. पण एक मागणं आहे." विक्रांत त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तो लपवत नव्हता. "पंजे तुम्ही पाहा, बाई. या इमारतीत तुमच्याइतकी खरी नजर कुणाची नाही."

बाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी आतल्या चपला काढल्या. भिंतीला हात टेकून, पाठमोऱ्याच, त्यांनी बाहेरच्या चपलांत पाय सरकवले.

...

"मी नको, विक्रांत. मला सगळ्यांचेच पंजे सरळ दिसतील."