मागच्या रांगेतले प्रश्न

ज्यांना आपले बोलणे समजले नाही, त्यांना मठ्ठ ठरवून मोकळी होणारी माणसे बहुधा शिकलेली असतात. बोलून झाल्यावर 'काही शंका?' असे ती विचारतात खरी, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. समोरचा गप्प राहिला म्हणजे त्याला कळले, असा निकाल देऊन ती घरी जातात. त्या गप्प राहण्याची चौकशी करावी असे त्यांना कधी वाटत नाही, आणि तरीही ती स्वतःला शिक्षक म्हणवतात.

एकदा एका कसब्यात एक वृद्ध गुरुजी राहत होते. रंगारी आळीतल्या मोठ्या बायका-पुरुषांसाठी ते दुपारचा वर्ग चालवीत. कापड रंगवून वाळत घातले की आळीला दोन तास उसंत मिळे. तेवढ्यात ही मंडळी निळ्या-तांबड्या हातांनी पाटी धरून बसत. आता गुरुजींची दृष्टी मंद झाली होती. आपल्यामागे वर्ग चालावा म्हणून त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. तो शहरातून पदवी घेऊन आलेला, तळमळीचा तरुण होता. वर्गाची जागा एका कापड व्यापाऱ्याची होती. त्याने अट घातली, की तरुणाने आपल्यासमोर एक पाठ घ्यावा. पसंत पडला तर वर्ग चालू राहील, नाहीतर त्या जागेत कापडाचे गठ्ठे येतील.

आळीच्या नळाला पंधरा दिवस पाणी नव्हते, म्हणून तरुणाने विषय निवडला, 'नगरपालिकेला अर्ज कसा लिहावा'. तीन दिवस तयारी करून तो उभा राहिला. त्याची वाणी स्वच्छ होती, अक्षर मोत्यासारखे होते. त्याने फळ्यावर लिहिले, 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' मग वर्गाकडे वळून विचारले, "कळलं?"

पुढच्या रांगेतल्या अंबूबाईपासून शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. "कळलं, मास्तर."

व्यापाऱ्याने समाधानाने मांडीवर थाप मारली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला. तो गुरुजींचा होता.

"मास्तर, उपरोक्त म्हणजे काय हो?"

तरुणाला वाटले, थट्टा चालली आहे. हा शब्द त्याला गुरुजींनीच शिकवला होता. "वर सांगितलेला, गुरुजी."

"वर कुठं? वर तर पत्रे आहेत."

वर्ग खळखळून हसला. तरुणाचे कान तापले. तो पुढे बोलू लागला, तर पुन्हा तोच हात वर.

"हा अर्ज वाचणार कोण? त्याला आपली आळी ठाऊक असेल का?"

त्याने तुटक उत्तर दिले. थोड्या वेळाने तिसरा प्रश्न आला. "मास्तर, पाच ओळी झाल्या. नळाला पाणी नाही, हे अजून आलंच नाही. ते कधी लिहायचं?"

पाठ अर्धाच झाला आणि वेळ संपली. जाताना व्यापारी मोठ्याने म्हणाला, "पोरगा हुशार आहे, ठेवा त्याला. पण गुरुजींना आता घरी बसवा बुवा! चाळीस वर्षं शिकवलं आणि साधा शब्द विसरले." गुरुजींनी ते ऐकले आणि हसून हात जोडले.

सगळे गेल्यावर तरुणाचा बांध फुटला. "गुरुजी, माझं काही चुकत होतं तर आधी सांगायचं. चारचौघांत माझी फजिती का केलीत?"

"तुझी कुठे झाली? हसले ते मला." गुरुजी शांतपणे म्हणाले. "कोपऱ्यात अंबूबाईची पाटी असेल, ती आण. वाचून दाखव. मला दिसत नाही."

तरुणाने पाटी आणली. तिच्यावर 'उप' एवढीच अक्षरे लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. त्याखाली वाकड्या, मोठ्या अक्षरांत होते, 'वर सांगितलेला'. आणि अगदी तळाशी, 'नळाला पाणी नाही'.

तो वाचता वाचता थांबला.

गुरुजी म्हणाले, "या आळीत मास्तरला 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट परत करणं. एवढा घसा कोरडा करून सांगतो आहे, त्याचा अपमान कशाला, म्हणून ही माणसं मान हलवतात. पहिल्या वर्षी मी त्या हलणाऱ्या माना पाहून खूश होत असे. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग रिकामा झाला, आणि एकानेही तक्रार केली नाही. तेव्हापासून त्यांच्या ओठांवर अडलेला प्रश्न मीच विचारतो. मी अडाणी दिसलो तर माझं काय जातं? त्यांचं मात्र शिक्षण जातं. तू आज शेठजींकडे आणि माझ्याकडे पाहून शिकवत होतास. अर्ज आम्हा दोघांना लिहायचा नव्हता."

तरुणाने पाटी जपून कोपऱ्यात परत ठेवली. मग त्याने विचारले, "उद्याही तुम्ही मागे बसाल ना?"

"छे! शेठजींनी मला घरी बसवलंय," गुरुजी म्हणाले आणि काठी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच आले नाहीत. तरुणाने अर्ज पुन्हा शिकवायला घेतला. या खेपेस शब्द सोपे होते, वाक्ये आखूड होती. एक परिच्छेद संपवून त्याने विचारले, "कळलं?" सगळ्यांच्या माना हलल्या. त्याला पुढे जावेसे फार वाटले. अजून अर्धा पाठ उरला होता. पण त्याने खडू ठेवला आणि तो खाली, सतरंजीवर त्यांच्यात येऊन बसला.

"मला एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी या आळीत राहत नाही. नळ कधी येतो, कधी जातो, मला ठाऊक नाही. त्यामुळे माझं सांगणं कुठेतरी चुकतंय. कुठे, ते तुम्हीच सांगा."

कोणी बोलेना. एकाने खोकून घेतले, दुसऱ्याने पाटी उगाच पुसली. तरुण तसाच बसून राहिला. अखेर अंबूबाईने पदर सावरला आणि शेजारणीकडे बोट दाखवले.

"रागावणार नसाल तर सांगते, मास्तर. ही गोजरा मान हलवते म्हणून मी हलवते. अन् तिला तरी कुठं काय कळतंय?"