हिमाखालची बडीशेप

भाविकहो, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी हॉलरबाख नावाचे खेडे होते. तिथल्या मठात शेकडो वर्षांपूर्वी साध्वी ओर्त्रुदामाता राहत असत. "आजाऱ्याचं पहिलं औषध चुलीवर शिजतं," असे त्या म्हणत.

मठाची चूल भगिनी गिस्ला सांभाळी. बोलताना ती अडखळे. पण जवाची पेज ढवळताना तिच्या ओठी अखंड प्रभूचे नाव असे. गढीवरच्या सरदाराचा मुख्य आचारी रायनोल्ड तिला येताजाता हिणवी. "केशर नाही, मिरी नाही! मठात माणसं जेवतात की गुरं चरतात?" गिस्ला मान खाली घालून हसे.

एका हिवाळ्यात रायनोल्डची बायको बाळंत झाली. पण तिला दूधच येईना. तान्हे रडून रडून निपचित पडले. रायनोल्डने मोराचे मांस रांधले, दालचिनी घालून द्राक्षासव उकळले. तिच्या पोटात काही ठरेना. अखेर तो मठाच्या दारी आला.

माता म्हणाल्या, "तिला बडीशेपेची पेज हवी."

गिस्लाचे डोळे भरले. "मा... माताजी, बडीशेप खोकल्याच्या रोग्यांना देऊन संपली. मळ्यात तर कमरेएवढा बर्फ!"

"देवाच्या मळ्याला कुठला हिवाळा गं? जा, त्याचं नाव घे आणि उकर."

"बर्फात का कुठे काही पिकतं!" रायनोल्ड त्या अवस्थेतही फणकारला. गिस्ला मात्र मळ्यात गेली. उघड्या हातांनी ती बर्फ उकरू लागली. बोटे बधिर झाली, नखांतून रक्त आले. आणि काय आश्चर्य! खाली उबदार, ओलसर माती, अन् तीत दाण्यांच्या भाराने लवलेली हिरवीगार बडीशेप! सुगंध थेट दारापर्यंत दरवळला.

गिस्लाने बदामाच्या दुधात जव शिजवले, त्यात ती बडीशेप ठेचून घातली. रायनोल्ड भांडे छातीशी धरून घरी धावला. बायको घोटघोट पेज प्यायली. ती पोटात ठरली. सांजेपूर्वी तिला पान्हा फुटला आणि बाळ चुटूचुटू पिऊ लागले.

दुसऱ्या सकाळी रायनोल्ड मातांच्या पायांवर पडला. माता मागे सरल्या. "माझी बोटं बघ, धडधाकट आहेत. रक्ताळलेले हात आत आहेत."

तो स्वयंपाकघरात गेला. चुलीपुढच्या राखेत गुडघे टेकून त्याने गिस्लाच्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "अ... अहो, उठा! बाळंतिणीची पेज उतू जाईल!"