बेवारस भाता

अतिक्रमण पथकाची गाडी फुटपाथला लागली, तसा मी पंचनाम्याचा कागद काढला. नियम सोपा होता. फुटपाथवरचं सामान बेवारस असेल तर लगेच उचलायचं, मालक असेल तर त्याला सामान हलवायला एक दिवसाची नोटीस द्यायची.

समोर गजराबाई घिसाडीण भात्याने निखारे फुलवून विळा तापवत होती. भाता आणि ऐरण गेली की तिचं पोटच गेलं. आमच्या पथकाचे प्रमुख खानविलकर साहेब मात्र सारखे घड्याळ बघत होते.

"मॅडम, लिहा. बेवारस भाता, बेवारस ऐरण."

"पण साहेब, ह्या बाई..."

"लिहा हो!"

मी दचकून पेन टेकवलं. तेवढ्यात गजराबाई म्हणाली, "लिही गं बाई. पण बेवारस भात्यानं निखारे कसे फुलले, तेबी लिही. भुतानं फुलवले का?"

जमलेले लोक हसले. साहेब भडकले. "भूत कसलं? मघापासून तूच भाता ओढतेयस! मी डोळ्यांनी बघितलंय!"

"झालं तर. बाई, साहेबांनी बघितलं तेच लिही. नाव गजराबाई."

साहेब काही बोलायच्या आत मी नाव लिहिलं आणि नोटीस तिच्या हातात दिली.

"एक दिवस लई झाला," म्हणत तिने विळा पुन्हा निखाऱ्यात सारला.