बेडकुलीची उन्हाची करंजी

चिंचेखाली एक दगड. दगडावर एक बेडकुली. एवढीशी, चिंचोक्याएवढी.

चिंचेच्या पानांतून ऊन यायचं. दगडावर एक कवडसा पडायचा. गोल गोल, पिवळा पिवळा, लाडूसारखा. बेडकुली म्हणायची, हा माझा लाडू. रोज त्यात बसून ती पोट शेकायची.

एके सकाळी सूर्याला ग्रहण लागलं. चंद्र मध्ये आला. वर बघायचं नाही हं, डोळे बिघडतात. खाली बघायचं. खाली काय झालं? कवडशाचा एक घास गेला. मग आणखी एक घास गेला. लाडूची झाली करंजी. उन्हाची करंजी.

बेडकुली नाचली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

तेवढ्यात काळी शेळी आली. दगडावर बसली, फतकल मारून. बेडकुली पळाली बाजूला. आणि करंजी? करंजी गेली शेळीच्या पाठीवर. शेळीला ती दिसेचना. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

अंगणभर करंज्या होत्या. पण बेडकुलीला तीच हवी. तिच्या पोटात दुखू लागलं. हेव्याने ती फुगली, टम्म.

बेडकुली म्हणाली,
"शेळीताई शेळीताई, ऊठ गं.
माझी करंजी मला मिळेना."

शेळी म्हणाली, "मी नाही उठणार, जा. तिकडे रेडकू बघ. गोठ्याच्या कुडाला भोकं. भोकाभोकातून करंजी. त्याला रांगच्या रांग, आणि मला काही नाही. रेडकू हलेल, तर मी उठेन."

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गोठ्यात रेडकू उभं. त्याच्यापुढे करंज्यांची रांग. पण ते बघत होतं बाहेर.

"रेडकू रेडकू, हल ना.
शेळी उठेना,
माझी करंजी मला मिळेना."

रेडकू म्हणालं, "मी नाही हलणार, जा. अंगणात कोंबडी बघ. दोरीला चाळण टांगलीय. चाळणीखाली शंभर करंज्या. एवढीशी कोंबडी, आणि तिला शंभर. कोंबडी सरकेल, तर मी हलेन."

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोंबडी करंज्या टिपत होती. टुकटुक, टुकटुक. चोचीत एकही येईना. म्हणून ती आधीच चिडलेली.

"कोंबडीबाई कोंबडीबाई, सरक गं.
रेडकू हलेना,
शेळी उठेना,
माझी करंजी मला मिळेना."

कोंबडी म्हणाली, "मी नाही सरकणार, जा. स्वयंपाकघरात मांजर बघ. कौलाला पडलंय भोक. तिला एकच करंजी, पण वाटीएवढी. माझ्या बघ, मुगाएवढ्या. मांजर उतरेल, तर मी सरकेन."

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. उंबरा चढली. धपकन पडली. पुन्हा चढली. ग्रहणात चूल पेटवत नाहीत. म्हणून मांजर चुलीवरच बसली होती, गार राखेत.

"मनीबाई मनीबाई, उतर गं.
कोंबडी सरकेना,
रेडकू हलेना,
शेळी उठेना,
माझी करंजी मला मिळेना."

मांजर म्हणाली, "मी नाही उतरणार, जा. ओट्यावर तानूमावशी बघ. तिच्याकडे ग्रहणाचा काळा चष्मा आहे. आम्ही बघायचे कवडसे, आणि ती बघणार खरा सूर्य. मावशी चष्मा देईल, तर मी उतरेन."

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. जाता जाता तिने भिंतीवरच्या कवडशाकडे बघितलं. अगंबाई, करंजी जाड होत चालली होती. लाडू झाला की ग्रहण संपलं. मग करंजी कुठली? बेडकुली पळत सुटली. टुणटुण टुणटुण टुणटुण.

ओट्यावर तानूमावशी बसली होती. घर तिचं, चाळण तिची, चष्माही तिचा. तरी तोंड फुगलेलं. बेडकुलीपेक्षाही जास्त.

"मावशी मावशी, चष्मा दे गं.
मांजर उतरेना,
कोंबडी सरकेना,
रेडकू हलेना,
शेळी उठेना,
माझी करंजी मला मिळेना."

मावशी म्हणाली, "मी नाही देणार, जा. माझी बहीण कुंदा दूर समुद्राकाठी राहते. तिच्या गावातून आज सूर्याची बांगडी दिसते. गोल, सोन्याची, अख्खी. आणि मला काय? करंजी. लहानपणापासून कुंदालाच सगळं अख्खं मिळतं. कुंदा बांगडी देईल, तर मी चष्मा देईन."

आता बेडकुलीने काय करावं? समुद्र तर लांब. पण मावशीचा फोन होता जवळ. त्यावर कुंदाचा फोटो. बेडकुलीने फोटोवर मारली उडी, टुणुक. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. फोन लागला.

"कुंदामावशी कुंदामावशी, बांगडी दे गं.
मावशी चष्मा देईना,
मांजर उतरेना,
कोंबडी सरकेना,
रेडकू हलेना,
शेळी उठेना,
माझी करंजी मला मिळेना."

कुंदाचं नाक वाजलं, सूं सूं.

कुंदा म्हणाली, "कुठली बांगडी गं बाई? इथे सकाळपासून ढग. सूर्यच दिसला नाही. तुमच्याकडे करंज्या आहेत? शेळीलासुद्धा मिळाली? मला तानूताईचा किती हेवा वाटतोय."

मावशीने कान टवकारले. कुंदाला माझा हेवा? माझा? मावशीचं तोंड फुगलेलं होतं, ते हसायला लागलं.

मावशी म्हणाली, "रडू नको कुंदे. थांब, तुला दाखवते." फोन घेऊन ती अंगणात धावली. फोनमधून कुंदाला करंज्या दाखवू लागली. चष्म्याची आता गरजच नव्हती.

मावशीने चष्मा दिला, मांजर उतरली. चष्मा घसरून आला मिशांवर.
मांजर उतरली, कोंबडी सरकली.
कोंबडी सरकली, रेडकू हललं.
रेडकू हललं, शेळी उठली.
शेळी उठली, आणि करंजी पडली दगडावर.

बेडकुली करंजीत जाऊन बसली. करंजी चांगलीच जाड झाली होती. लाडू व्हायला एकच घास कमी. पण करंजी ती करंजी. बेडकुलीचं पोट शेकलं. पोटातलं दुखणं पळालं.

इतक्यात शेळी परत आली. गोठ्यात करंज्यांची रांग सोडून आली. मान वाकडी करून दगडाकडे बघत राहिली.

शेळी म्हणाली, "तुझी करंजी जास्त छान दिसते गं. जरा सरकतेस?"

बेडकुली म्हणाली, "मी नाही सरकणार, जा."

आणि नाहीच सरकली.