अठ्ठावन्न चिंचोके

फार पूर्वी, म्हणजे डोंगर आजच्या दुप्पट उंच होते आणि माणसांचे गुडघे मात्र आजच्याएवढेच होते तेव्हा, एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गाव इतकं उंच की वरून कोणी खडा टाकला, तर खालचा माणूस जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून मग सवडीने बाजूला सरकायचा. गावात सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. विहीर होती ती पायथ्याशी, आणि विहिरीपासून गावापर्यंत तीनशे चाळीस पायऱ्या. काही लोक तीनशे साठ सांगायचे. दोनशेच्या पुढे मोजायला कोणालाच श्वास उरत नसे, त्यामुळे तो वाद कधी मिटला नाही.

त्या गावात एक पखालवाला होता. कातड्याची भलीमोठी पखाल विहिरीवर भरायची, पाठीवर घ्यायची, वाकत वाकत वर यायचं आणि घरोघरचे रांजण भरायचे. दिवसाला बारा खेपा. त्याचा बापही हेच करायचा. पखालवाला इतका दमलेला असायचा की त्याची सावलीसुद्धा त्याच्या दोन पायऱ्या मागे बसत बसत यायची.

निम्म्या वाटेवर एक रुंद पायरी होती. तिथे तो पखाल टेकवायचा आणि रेड्याचा विचार करायचा. रेडा एका वेळी दोन पखाली वाहतो. रेड्याला गुडघेदुखीही नसते, निदान तो तसं बोलून दाखवत नाही. खालच्या बाजारात चांगला रेडा साठ रुपयांना मिळायचा. पखालवाल्याने रेड्याचं नावही ठरवून ठेवलं होतं. सावळ्या. बारा वर्षं तो सावळ्यासाठी पैसे साठवत होता.

पैसे ठेवायची जागा एकच, शेटजींची पेढी. पेढीला एक दार होतं आणि खिडकी एकही नव्हती. खिडकी ठेवली तर चोराला आतलं दिसेल, असं शेटजी म्हणत. त्यामुळे भर दुपारीही आत दिवा लावावा लागे. दाराचं कुलूप बैलाच्या डोक्याएवढं होतं आणि किल्ली फिरवायला मुनीम दोन्ही पाय भिंतीला लावत असे.

आत फळ्यांवर गावाची गाडगी होती. ज्याचं त्याचं गाडगं वेगळं. तोंडाला फडकं बांधून वरून माती लिंपलेली, मध्ये नाणं जाईल एवढी चीर आणि पोटावर चुन्याची खूण. पखालवाल्याची खूण तीन थेंबांची होती. चैत्रात एक दिवस उचलणी असायची. त्या दिवशी सगळ्यांनी आत जायचं, वर्षभराची नाणी चिरेतून सोडायची, गाडगं दोन्ही हातांनी उचलायचं, कानाशी नेऊन हलवायचं, आतला आवाज ऐकून हसायचं आणि परत फळीवर ठेवायचं. फडकं सोडून मोजायची पद्धत नव्हती. मोजलं म्हणजे शेटजींवर विश्वास नाही असं झालं, आणि असलं काही तोंडावर दाखवणं त्या गावात फार असभ्य मानलं जायचं.

अशाच एका उचलणीला पखालवाला दोन रुपये मुठीत घेऊन पेढीत आला. गाडग्यात अठ्ठावन्न होते. हे दोन टाकले की साठ. उद्याच बाजार होता. आज गाडगं घरी न्यायचं होतं, म्हणून त्याने नवं फडकंसुद्धा आणलं होतं.

त्याने गाडगं उचललं आणि त्याचे हात उगाचच छातीपर्यंत वर गेले. बारा वर्षं पखाल उचलणाऱ्या माणसाला वजन कळतं. त्याने गाडगं कानाशी हलवलं. नाण्यांचा आवाज आला नाही. काहीतरी कोरडं, हलकं, खुळखुळ्यासारखं वाजलं.

"मुनीमजी," तो म्हणाला, "हे माझंच ना?"

"तीन थेंब आहेत ना? मग तुझंच," मुनीम म्हणाला. पण तो वहीत बघत होता, आणि वही उलटी होती.

पखालवाल्याने मग गावात कोणी केलं नव्हतं ते केलं. फडकं सोडलं आणि गाडगं जमिनीवर पालथं केलं. आतून चिंचोके पडले. काळेभोर, गुळगुळीत, एकसारखे. लोक आपापली गाडगी हातात धरून बघत राहिले.

गादीवरून शेटजी उठले. "असं सांडू नकोस रे. ती पावती आहे. एका रुपयाला एक चिंचोका, मोजून ठेवलेत. आमच्या पेढीत अंदाधुंदी चालत नाही."

"पावती कसली, शेटजी?"

"तुझ्या बापाने रेड्यासाठी कर्ज घेतलं होतं. वीस रुपये. रेडा दुसऱ्या वर्षी पायरी चुकला आणि खाली गेला. कर्ज मात्र इथेच राहिलं. जुन्या वह्या चाळताना सापडलं. ते वळतं करून घेतलं."

पखालवाल्याला तो रेडा आठवला. बाप त्यानंतर पुन्हा पखालीखाली वाकला तो शेवटपर्यंत. मरताना त्याने कर्जाचं काही सांगितलं नव्हतं. त्याला सांगायला दम उरला नसावा.

"वीसच होते ना?"

"आणि व्याज?"

"व्याजासकट किती झाले?"

"अठ्ठावन्न."

"बरोबर अठ्ठावन्न?"

"गाडग्यात तेवढेच होते," शेटजी म्हणाले.

मागून एक तेलीण म्हणाली, "म्हणजे गाडग्यात शंभर असते तर कर्ज शंभर झालं असतं." कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"शेटजी, मला आधी सांगायचं होतं," पखालवाला म्हणाला. "महिन्याला रुपया-अर्धा रुपया करून मी फेडलं असतं. बापाचं होतं, नाही म्हटलं नसतं."

"सांगायचं कशाला? गाडगं आमच्याकडेच तर होतं."

पखालवाल्याने मुनीमाकडे पाहिलं. मुनीम हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतं, बाबा, विचारून घेऊ. आणि हेही म्हटलं होतं की गढीवाल्यांनी पोराच्या लग्नाला हत्ती आणायला दोन हजार नेलेत, आधी ते मागू." तो हत्ती साऱ्या गावाला आठवत होता. तो शंभराव्या पायरीवर बसला होता, म्हणून वरातीलाच खाली जावं लागलं होतं आणि नवरदेव तिथेच पायरीवर, बोहल्यावर चढावं तसा, बसलेल्या हत्तीवर चढला होता.

"गढीवाल्यांचं गाडगं आहे का आपल्याकडे?" शेटजींनी विचारलं.

"नाही."

"मग मागायचं कशातून?"

एवढं झाल्यावर सगळ्यांनी आपापली गाडगी कानाशी नेली. आणखी सात गाडगी खुळखुळ्यासारखी वाजली. सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडगी परत फळीवर ठेवली. ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि दोन माणसांनी एकाच दिवशी फडकं सोडणं बरं दिसलं नसतं.

पखालवाल्याने चिंचोके वेचून गाडग्यात भरले, गाडगं फळीवर ठेवलं, मुठीतले दोन रुपये मुठीतच ठेवले आणि तो निघाला. त्याच्या तीन खेपा राहिल्या होत्या.

घरी बायको वाट बघत होती. गोठा सारवून तयार होता. तिने त्याच्या हातातलं नवं फडकं पाहिलं, रिकामं. त्याने सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तीन खेपा राहिल्या होत्या."

बायकोने बराच वेळ भाकरी थापली. मग म्हणाली, "अहो, उद्यापासून शेटजींच्या रांजणात पाणी टाकू नका. अठ्ठावन्न रुपये फिटेपर्यंत. त्यांनी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका."

"त्यांनी या महिन्याचे पैसे दिलेत. पाणी त्यांचं आहे. मी ते मधल्या मध्ये फक्त वाहतो."

"मग गाडग्यातले पैसे कोणाचे होते? शेटजी तेही फक्त सांभाळत होते की."

बायको बरोबर बोलत होती, पण बरोबर बोलण्याला उत्तर द्यायचं तर अंगात थोडी ताकद लागते. दुसऱ्या दिवशी त्याने शेटजींचा रांजण नेहमीसारखा काठोकाठ भरला. फक्त रुंद पायरीवर पखाल टेकवणं त्याने सोडून दिलं. तिथे टेकून आता कसला विचार करणार?

वैशाख लागला. विहीर खोल गेली, उन्हाने पायऱ्या इतक्या तापल्या की कोंबड्या त्यांच्यावर उकडलेलीच अंडी घालू लागल्या. शेटजींना मात्र जुन्या वह्यांची चटक लागली होती. बापांची झाली, आता आजोबांची कर्जं शोधत होते. एका दुपारी ते बंद पेढीत दिवा अगदी जवळ ओढून बसले. एक पणजोबा सापडला. त्या आनंदात त्यांनी पान जोरात उलटलं, आणि दिवा कलंडला.

जुना कागद, वर तेल. शेटजी बाहेर आले ते धोतराचा सोगा झटकतच. मागून धूर. गाव धावलं. घराघरांतून हंडे आले, कळशा आल्या, शेटजींचा स्वतःचा काठोकाठ रांजणही उपसला गेला. पण ज्या गावात पाणी मोजून येतं तिथे ते संपतंही लवकर. लोक घागरी घेऊन पायऱ्या उतरले. सवय नसलेल्या पायांनी ते वर येईपर्यंत अर्ध्या घागरी हिंदकळून सांडल्या होत्या, आणि उरलेल्या अर्ध्या त्यांनी वाटेत स्वतःच पिऊन टाकल्या होत्या.

सगळे पखालवाल्याची वाट बघत होते. तो खाली विहिरीवर होता. हाक ऐकून त्याने पखाल भरली आणि निघाला. त्याला शेटजींचे शब्द आठवले, बायकोचेही आठवले. रुंद पायरी आली. थांबावं असं त्याला वाटलं. अगदी थोडं, श्वास घेण्यापुरतं, किंवा त्याहून जरा जास्त. कोणी विचारलं असतं तर गुडघ्यांकडे बोट दाखवता आलं असतं.

तो थांबला नाही. आत मुनीमाची रोजीरोटी होती, तेलिणीचं गाडगं होतं, गावाच्या मुलींची लग्नं होती. तो चढत राहिला.

शेटजी पायऱ्यांच्या तोंडाशीच उभे होते. "अरे, लवकर चल."

"लवकरच चाललोय, शेटजी. यापेक्षा लवकर माझ्या बापालाही जमत नव्हतं."

त्याने पखाल आगीवर मोकळी केली. फुस्स झालं, थोडी वाफ आली आणि पुन्हा जाळ उठला.

"एकच पखाल?" शेटजी म्हणाले.

"पाठ एकच आहे."

"तू रेडा घेणार होतास ना? दोन पखाली आल्या असत्या. तुझ्या आधी वर आला असता. कुठे आहे तो रेडा?"

पखालवाल्याने तोंडावरचा घाम पुसला. रागवायला तो खरंच फार दमला होता.

"तो तुमच्या वहीत आहे, शेटजी," तो म्हणाला. "आत जळतोय."

आणि रिकामी पखाल घेऊन तो परत पायऱ्या उतरू लागला.

तिसऱ्या खेपेला तो वर आला तेव्हा छप्पर खाली बसलं होतं. वह्या संपल्या होत्या, बापांच्या, आजोबांच्या आणि त्या एका पणजोबाचीसुद्धा. संध्याकाळी राख उकरली तर गाडगी मात्र शाबूत होती. आधी भाजलेली माती पुन्हा भाजून आणखी पक्की झाली होती. लोकांनी आपापली गाडगी, रीतभात विसरून, तिथेच उपडी केली. कोणाची नाणी काळी पडली होती, पण पूर्ण होती. आठ गाडग्यांतले चिंचोके खमंग भाजून निघाले होते. त्यांचा वास सात गावांपर्यंत गेला आणि खालच्या गावाला वाटलं, वर जेवणावळ आहे. पोरांनी चिंचोके फोडून खाल्ले. अशा तऱ्हेने शेटजींच्या पावत्या गावाच्या पोटात गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेटजी राखेपाशी बसून म्हणाले, "पेढी पुन्हा बांधू. पावसाळ्याच्या आत. सगळे गाडगी ठेवाल ना?"

कोणी भांडलं नाही. कोणी नाहीही म्हटलं नाही, ते असभ्य दिसलं असतं. सगळ्यांनी गाडगी काखेत मारली आणि मुकाट्याने घरी नेली. तेलिणीने तेवढे जाताना दोन भाजके चिंचोके शेटजींच्या पुढ्यात ठेवले. "सांभाळा," ती म्हणाली.

आग बघितल्यावर गावाला एक पखाल पुरत नाही हे कळलं होतं. मुनीम दारोदार गेला आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याने तोंडाने विचारलं, "रेड्यासाठी देता का?" ज्यांनी हो म्हटलं त्यांचं घेतलं, ज्यांनी नाही म्हटलं त्यांना रामराम केला. पखालवाल्याने मुठीतले दोन रुपये घातले. जमलेल्या पैशांत म्हातारा रेडाच आला. पण आला.

तो सावळ्या पहिल्याच दिवशी दोन पखाली घेऊन निघाला आणि निम्म्या वाटेवर, त्या रुंद पायरीवर जाऊन खाली बसला. पखालवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग तोही शेजारी बसला. दोघांनी बराच वेळ श्वास घेतला. घाई कोणालाच नव्हती.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या ठेवीत हात घालण्याआधी, हक्क असला तरी, त्याला विचारावं. न विचारता जुनं येणं वसूल होतं, पण पुन्हा कोणी ठेवायला येत नाही.